कस्तुराताईंचे सात अंश

कस्तुरा ओव्हाळ हे नाव आमच्या कंपनीत पूर्ण असं कुणी घेत नसे. ऑफिसातले लोक ओव्हाळ मॅडम म्हणायचे, आम्ही बायका कस्तुराताई म्हणायचो. कंपनी चाकणला, महाळुंगेच्या बाजूला. ट्रॅक्टरचे गिअर ज्या लोखंडी पेटीत बसतात ती पेटी आम्ही बनवतो आणि ती ड्रॉइंगप्रमाणे झाली की नाही हे मोजून सांगण्याचं काम कस्तुराताईंचं. मी पूनम. त्यांच्या हाताखाली मी सतरा वर्षं काढली. मायक्रोमीटर कसा धरायचा हे मला त्यांनीच शिकवलं.

त्यांचे वडील पिंपरीत फोर्जिंगच्या कारखान्यात घणावर होते. मुलीला त्यांनी आयटीआयला घातलं तेव्हा त्या वर्गात दोनच मुली होत्या. दुसरी सहा महिन्यांत सोडून गेली. ताई टिकल्या, नोकरीला लागल्या, आणि पुढे अशा झाल्या की महिनाअखेरीला माल अडला तर मॅनेजरसुद्धा त्यांच्याशी आवाज चढवायला कचरायचा. एकदा चाळीस पेट्यांचा अख्खा लॉट त्यांनी थांबवला. भोकं केसभर सरकली होती. ट्रक गेटवर उभा होता. साहेब म्हणाले, एवढ्यानं काय होतंय? ताई म्हणाल्या, ड्रॉइंग बदलून आणा, मी लगेच सही करते. ट्रक रिकामा गेला.

घोट्याचं दुखणं जुनं. वीस वर्षांपूर्वी एक दिवस कंपनीची बस चुकली म्हणून त्या कोंडीरामभाऊंच्या, म्हणजे त्यांच्या मिस्टरांच्या स्कूटरवर बसून निघाल्या. मोशीच्या पुढे रस्त्यावर सांडलेल्या खडीवरून स्कूटर घसरली. भाऊंना नुसतं खरचटलं. ताईंचा उजवा पाय स्कूटरखाली गेला आणि घोटा दोन ठिकाणी मोडला. धातूची पट्टी आणि स्क्रू घालून जोडला. तीन महिन्यांनी त्या कामावर आल्या आणि पुन्हा आठ-आठ तास उभ्या राहायला लागल्या. आमचं काम उभ्यानंच करायचं.

पुढच्या वर्षांत तो घोटा आतून झिजत गेला. पन्नाशी उलटली तेव्हा शिफ्ट संपताना पाय इतका सुजलेला असायचा की बूट काढायला त्यांना भिंतीचा आधार लागायचा. बसमध्ये त्या माझ्या शेजारी बसायच्या, पाय समोरच्या सीटखाली लांब करून, आणि नाशिक फाट्यापर्यंत डोळे मिटून घ्यायच्या.

डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले. एक, सांधा कायमचा जोडून टाकायचा. दुखणं जाईल, पण पाय घोट्यात वाकणार नाही. दुसरा, झिजलेला सांधा काढून धातूचा कृत्रिम सांधा बसवायचा, मध्ये प्लास्टिकची चकती. गुडघे बदललेली माणसं आमच्या ओळखीत पुष्कळ होती. घोटा बदललेलं कुणीच नव्हतं. ताईंनी डॉक्टरांना नीट विचारलं. दहातले आठ-नऊ जण दहा वर्षांनीही त्याच सांध्यावर चालतात, असं ते म्हणाले. मुलगी श्रद्धा वाकडला आयटी कंपनीत आहे, तिच्या ऑफिसच्या विम्यात आईवडील होते. ताईंनी कृत्रिम सांधा निवडला. देहूरोडच्या विहारात त्यांना मांडी घालून बसायचं होतं, चढ चढायचा होता, आणि आमच्या मोजमापाच्या मशीनच्या तीन पायऱ्या दिवसातून चाळीस वेळा चढायच्या होत्या.

ऑपरेशन छान झालं असं सगळे म्हणाले. दीड महिना पाय टेकवायचा नव्हता. मग मोठा बूट, मग व्यायाम. तिसऱ्या महिन्यात जखम भरून आली, सूज उतरली, आणि घोट्याच्या आतल्या बाजूला एक नवीन दुखणं सुरू झालं. आधीचं दुखणं ठणक्याचं होतं. हे वेगळं होतं. पाऊल टाकलं की आत कुणी छिन्नी धरून दाबतंय, असं त्या सांगायच्या.

डॉक्टर म्हणाले, वर्षभर असं चालतं. एक्स-रे चांगला आहे. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, तुम्ही घाबरून पाय टाकता म्हणून दुखतो, मोकळा टाका. ताई मोकळा टाकायच्या आणि घामानं भिजायच्या. पाचव्या महिन्यात कामावर आल्या. अर्ध्या दिवसात त्यांना खुर्ची द्यावी लागली. त्या खुर्चीवर बसून त्या कागद तपासायला लागल्या आणि पेट्यांना हात लावायचं काम माझ्याकडे आलं.

संत तुकाराम नगरात त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. सकाळी उतरताना त्या जिन्यात बसायच्या आणि एकेक पायरी बसूनच खाली सरकायच्या. पर्स गळ्यात अडकवलेली. शेजारचे लोक वर जाताना अंग चोरून जायचे. सुरुवातीला कुणी ना कुणी हात द्यायला थांबायचं. नंतर थांबेनासे झाले, कारण ताई हात घ्यायच्या नाहीत. घरात मोरीपर्यंत त्या गुडघ्यांवर रांगत जायच्या. हे मला श्रद्धानं सांगितलं. ताईंनी कधी सांगितलं नाही.

आठव्या महिन्यात त्यांनी हॉस्पिटलमधून सगळ्या एक्स-रेच्या फिल्म मागून आणल्या. सकाळी गॅलरीच्या काचेवर एक फिल्म चिकटवली आणि श्रद्धाच्या जुन्या कंपासपेटीतली पट्टी अन् कोनमापक घेतलं. नडगीच्या हाडाच्या मधोमध एक रेघ मारली. नव्या सांध्याच्या धातूच्या कडेवरून दुसरी. दोन्ही रेघा काटकोनात हव्यात, एवढं त्यांनी वाचून काढलं होतं. कोन भरला त्र्याऐंशी. दुसऱ्या दिवशी जुन्या रेघा पुसून पुन्हा मारल्या. त्र्याऐंशी. तिसऱ्या दिवशीही तेच. सांधा आतल्या बाजूला सात अंश कललेला होता.

ती फिल्म घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. त्यानं रेघा पाहिल्या, आपल्या कॉम्प्युटरवर पाहिलं. मग सांगितलं की हा फोटो झोपवून काढलेला आहे, पाय थोडा फिरला तरी कोन बदलतो, आणि पाच-सात अंशांचा कल असलेले त्याचे कितीतरी पेशंट मजेत चालतात.

"मॅडम, हे हाड आहे, लोखंड नाही."

"लोखंडाला दुखत नाही, डॉक्टर," ताई म्हणाल्या.

डॉक्टरांनी वेदनेच्या गोळ्या बदलल्या आणि चिठ्ठीवर मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. ताई तिथेही गेल्या. दोन महिने गोळ्या खाल्ल्या. त्या गोळ्यांनी त्यांना बसमध्ये झोप लागायची आणि तोंड कोरडं पडायचं. घोटा होता तसाच. आणखी दोन हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणाला, दुसऱ्याच्या ऑपरेशनवर मी बोलत नाही. दुसऱ्यानं फिल्मवरच्या रेघा पाहिल्या आणि हसला.

घरातही हळूहळू असंच झालं. कोंडीरामभाऊ आधी रोज पाय दाबून द्यायचे. मग म्हणायला लागले, एवढे डॉक्टर सांगतात ते काय खोटं? तू सारखी पायाकडंच बघत बसतीस. ताईंनी एकदा ताट सरकवून दिलं. त्यानंतर दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलायला लागली.

आता माझं सांगते. आमच्याकडे क्वालिटीला सुजित म्हणून नवीन साहेब आला होता. वयानं लहान, घाईचा. त्यानं मला एकदा विचारलं की ओव्हाळ मॅडम अजून किती दिवस खुर्चीवर बसणार? मी म्हणाले, सांगता येत नाही सर, थोडं मनाचंही असेल. मी हे का म्हणाले? मला डबल काम पडत होतं, मी दमले होते, आणि खरं सांगायचं तर मलाही तसं वाटायला लागलं होतं. रोज तेच दुखणं, तेच सात अंश. ते वाक्य सुजितकडून आणखी कुणाकडे गेलं आणि आठवड्याभरात ताईंपर्यंत पोहोचलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्या पुढच्या सीटवर बसल्या, एकट्या. माझ्याकडे बघितलं नाही. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. निवृत्तीला चार वर्षं बाकी होती. मला वाटलं निरोपाला तरी बोलतील. त्यांनी सगळी गेजेस, म्हणजे मोजायची साधनं, पुसून, मोजून, यादीवर टिक करून माझ्या ताब्यात दिली आणि माझी सही घेतली. 

तीन महिन्यांनी कोंडीरामभाऊंचा फोन आला.

"पूनमताई, ती बोलतच न्हाई ओ कुणाशी. जेवतबी न्हाई धड. श्रद्धा कामासाठी परदेशात गेलीय. तुमी या एकदा."

मी गेले. ताई आतल्या खोलीत जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, पाय उशीवर. दुपारचे बारा वाजले होते आणि केस विंचरलेले नव्हते. गालफडं बसली होती. मी समोर बसले.  मग मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "आत्ता नको."

श्रद्धानं परदेशातूनच एका डॉक्टरची वेळ घेऊन ठेवली होती. निगडीला डॉ. मिनल म्हणून होत्या, फक्त पायाचीच कामं करणाऱ्या. ताईंना जायचं नव्हतं. कोंडीरामभाऊंबरोबर तर नाहीच नाही. मी रिक्षा खाली आणून उभी केली आणि मीटर चालू आहे म्हणून सांगितलं. त्या जिना सरकत उतरल्या. मी चार पायऱ्या पुढे, त्यांच्याकडे न बघता.

डॉक्टर मिनल चाळिशीच्या असतील. ताईंनी फिल्मचा लिफाफा टेबलावर ठेवला, उघडला नाही.

"मला काही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "घोट्याच्या वरून पाय कापून टाका. नकली पायावर माणसं चालतात. मी बघितलंय."

त्यांचा आवाज अगदी सरळ होता, माल रिजेक्ट करताना असायचा तसा.  ही बाई हे महिनोन् महिने मनात घोकत बसली होती आणि आम्ही कुणी विचारलंही नव्हतं.

 डॉक्टरांनी ताईंना चपला काढून भिंतीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. ताई भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. डॉक्टर त्यांच्या मागे जमिनीवर उकिडव्या बसल्या आणि टाचांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मलाही खाली बसून बघायला सांगितलं. डावी टाच सरळ होती. उजवी आत वळलेली होती, उंबऱ्यावर अर्धा पाय पडल्यासारखी. इतक्या वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. चप्पल उलटी केली तर उजव्या चपलेची बाहेरची कड पार झिजून गेलेली.

"आधी कुणी तुम्हाला असं उभं करून बघितलं होतं?"

"नाही," ताई भिंतीकडे बघतच म्हणाल्या.

उभं करून एक्स-रे काढले, सीटी स्कॅन केला. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आले. सांध्याच्या धातूखाली हाड दोन ठिकाणी पोकळ झालं होतं आणि वरचा तुकडा हाडापासून सुटायला लागला होता.

"तुमचे सात बरोबर आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "मला साडेसात मिळाले. पण दुखणं त्या सातमुळेच आहे, असं मी सांगणार नाही. याहून वाकडे सांधे घेऊन आरामात चालणारे लोक माझ्याकडे येतात. आणि अगदी सरळ बसलेला सांधा असून रडणारेही येतात."

मग त्यांनी कागदावर काढून समजावलं. जुन्या अपघातापासून टाच आत वळलेली होती. ती सरळ न करताच तिच्यावर नवा सांधा बसवला गेला, तोही कललेला. सगळं वजन सांध्याच्या आतल्या कडेवर येत राहिलं. आता सांधा काढायचा, कमरेच्या हाडाचे तुकडे भरून घोटा कायमचा जोडायचा आणि टाचेचं हाड कापून सरळ करायचं. हाड जुळेलच याची खात्री नाही. नाही जुळलं, तर ताई जे मागायला आल्या होत्या तेही करावं लागेल. आणखी एक, तंबाखूनं हाड जुळत नाही. ताई तीस वर्षं मिश्री लावत होत्या. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी डबी गॅलरीतून खाली टाकून दिली.

त्याआधी, खोलीतून बाहेर आल्यावर, आम्ही बाकावर बसलो. मला म्हणाल्या, "म्हणजे तो आतून सुटलेलाच होता."

"हो."

"आणि मी त्याच्यावर व्यायाम करत होते."

दुसरं ऑपरेशन साडेचार तास चाललं. श्रद्धा परत आली होती. ताईंनी आधीच लिहून दिलं होतं की काढलेला सांधा मला पाहिजे. हॉस्पिटलनं तो स्वच्छ करून एका बरणीत दिला. घरी आल्यावर चौथ्या दिवशी मला फोन आला. राजीनाम्यानंतरचा पहिला.

"येताना मायक्रोमीटर आण. कॅलिब्रेशनची तारीख बघून आण."

तो शेवटचा कधी तपासून घेतलाय ती तारीख पाहिली आणि सुजितला विचारून आणला. ताई पलंगावर, पाय प्लास्टरमध्ये, उंच बांधलेला. त्यांनी बरणीतून प्लास्टिकची चकती काढली, रुमालानं पुसली आणि मोजली. बाहेरच्या बाजूला पाच पूर्णांक नऊ दशांश मिलिमीटर. आतल्या बाजूला साडेपाच. तीनदा मोजलं, मला लिहून घ्यायला लावलं. मग चकती माझ्या हातात दिली आणि मलाही मोजायला लावली. माझंही तेच आलं. चार दशांशांचा फरक. दीड वर्षात.

त्यांनी चकती बरणीत ठेवली, झाकण लावलं, आणि मग त्यांना रडू फुटलं. सतरा वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आवाज मोठा नव्हता, पण थांबतच नव्हता. कोंडीरामभाऊ दारात उभे होते. ते आत येऊन पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांनी ताईंचा हात धरला.

"मला न्हाई पटलं तवा," ते म्हणाले. "चुकलो मी."

 ताईंनी हात ओढून घेतला नाही. मी लिहिलेला कागद घडी करून उशीखाली ठेवला आणि निघून आले. 

यातून सगळं ठीक झालं असं नाही. चार महिन्यांनी स्कॅन केला तर हाड अर्धंच जुळलेलं. तेव्हाचे दिवस पहिल्यापेक्षा वाईट होते. आधी निदान कुणीतरी चुकतंय असा राग तरी होता, आता राग धरायला कुणी नव्हतं. ताई पुन्हा बोलेनाशा झाल्या. मी दर रविवारी जायचे, बाजूला बसून भाजी निवडायचे. एकदा त्यांनी विचारलं की पाय कापल्यावर नकली पाय बसवायला किती दिवस लागतात, आणि मला ते माहीत नव्हतं.

सातव्या महिन्यात थोडं आणखी जुळलं. अकराव्या महिन्यात डॉक्टर मिनल म्हणाल्या की आता पुरेसं आहे.

त्यानंतर एक दिवस ताई श्रद्धाला घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे गेल्या. भांडायला नाही. सीटीचे कागद, मोजमापाचा कागद त्यांच्या समोर ठेवला. त्यांनी सगळं नीट पाहिलं.  मग झेरॉक्स ठेवू का, असं विचारलं. ताईंनी ठेवू दिलं. "पेशंटला उभं करून बघत जा," एवढंच त्या म्हणाल्या आणि डॉक्टरांनी मान हलवली. पुढे ते तसं करतात की नाही, आम्हाला माहीत नाही.

आता घोटा वाकत नाही. उजव्या बुटाला एक सेंटीमीटर जास्तीचा तळ लावलाय. छिन्नीचं दुखणं गेलं, पण संध्याकाळी पाय जड होतो आणि तासाभरापेक्षा जास्त उभं राहता येत नाही. घोटा जोडला की खालच्या सांध्यांवर ताण येतो, पाच-दहा वर्षांत तेही झिजू शकतात, हे डॉक्टरांनी सांगितलंय. ताई त्याबद्दल बोलत नाहीत. माझ्याशी बोलतात, पण पूर्वीसारखं नाही; मध्ये काहीतरी राहून गेलंय आणि ते आम्ही दोघी उकरत नाही.

मागच्या पंधरवड्यात त्यांनी मला विचारलं की इन्स्पेक्शनला घेतलेल्या नव्या मुलींना मोजायला कोण शिकवतं? मी म्हणाले, कुणीच नाही, मशीनचं पुस्तक देतात. त्या म्हणाल्या, सुजितला विचार, मी बसून शिकवीन, आठवड्यातून दोन दिवस. मी विचारलं. बघू म्हणाला, एचआरशी बोलावं लागेल. अजून उत्तर आलेलं नाही. ताई एक दिवसाआड फोन करतात आणि विचारतात.